हरलेल्याचा दिवा

माणूस जिंकतो तो स्वतःच्या कर्तबगारीवर आणि हरतो तो प्रकाशयोजनेमुळे. बॅडमिंटन खेळणाऱ्या कुणालाही विचारा. (जिंकलेल्याला विचारू नका, त्याने दिव्यांकडे पाहिलेलंच नसतं.)

क्लबच्या चिटणीसांना हे सत्य साडूंमुळे उमगलं. वार्षिक सामन्यात साडू त्यांना दरवर्षी लोळवत, तेही दोघांच्या बायकांसमोर, म्हणजे दोन्ही बहिणींच्या डोळ्यांदेखत. घरी जाताना बायको वाटभर बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक करी, आणि तेच चिटणीसांना जास्त झोंबे. यंदा काहीही करून जिंकायचंच, असं त्यांनी ठरवलं. आता पन्नाशीनंतर खेळ सुधारणं काही आपल्या हातात नसतं. दिवे असतात.

तंत्रज्ञाने दिवे कोर्टच्या दोन्ही बाजूंना शिस्तीत लावले होते. "वर बघताना डोळ्यांवर येणार नाहीत, साहेब." चिटणीसांनी कौतुकाने मान डोलावली आणि ठराव मांडला: हरलेल्या खेळाडूस आपणांस बाधलेला एक दिवा अन्यत्र हलवून घेण्याचा हक्क राहील. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला (सभेत हरलेल्यांचंच बहुमत होतं).

मग काय विचारता! रोज कुणी ना कुणी हरे, रोज शिडी येई. दिवे आधी प्रेक्षकांच्या बाकांवर गेले, मग कपडे बदलायच्या खोलीत. दोन तर पाण्याच्या टाकीवर पोचले. (टाकीची अद्याप तक्रार नाही.) कोर्टवर मिट्ट काळोख झाला. पंच बिचारे कानांनी निकाल देऊ लागले: ज्याचा आवाज मोठा, त्याचा गुण.

वार्षिक सामन्यात चिटणीस घसा फाटेस्तोवर "पॉइंट!" ओरडले आणि चक्क जिंकले! आनंदाने वेडे होऊन त्यांनी अंधारात उड्या मारल्या, नेटलाच मिठी मारली.

"अहो, खरंच जिंकलात?" झगझगीत बाकावरून बायको ओरडली. "मला मेलं काही दिसलंच नाही!"

"मी हरलो ना?" साडू शांतपणे म्हणाले. "मग माझा दिवा इथे लावा. कोर्टवर."

शिडी आली. दिवा लागला. शेवटचं शटल चिटणीसांच्याच बाजूला, त्यांच्याच पायाशी पडलं होतं.

बायकोने शटलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. चिटणीस वर बघत म्हणाले, "हा दिवा साफ चुकीच्या जागी लागलाय."

क्लबची शिडी तेव्हापासून जागेवर नाही. तुमच्याकडेच आली असणार. काम झालं की परत पाठवा.