तोंडचं पाणी

सासूबाईंच्या दाढेवर टोपी बसवायची होती आणि ती बसवणार होती त्यांची सूनच. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची धमकी दोनदा देऊन झाल्यावर सासूबाई आज प्रथमच सुनेच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. काम चोख होणं भाग होतं.

सुनेने दाढ कोरडी केली, बाजूला कापूस ठेवला, टोपीत सिमेंट भरलं. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून सासऱ्यांचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनवर ते गल्लीला ऐकू जाईल असं बोलत.

"अरे, लिंबू कसलं रसाळ! मीठ लावलं आणि नुसतं चोखलं!"

दाढेभोवती तळं साचलं. कापूस तरंगू लागला.

"आई, लिंबाचा विचार करू नका."

"नाई कअत," सासूबाई म्हणाल्या आणि आणखी पाणी सुटलं.

पाणी ओढणारी नळी लावली, तर तिने कापूसच गिळला आणि ती बंद पडली. नवा कापूस, नवं सिमेंट. बाहेरून आवाज, "द्राक्षं? आंबटढाण!" पुन्हा पूर.

सून चिडायचं विसरून बघतच राहिली. कानापुढे, जबड्याखाली, जिभेखाली अशा लाळेच्या ग्रंथींच्या जोड्या तिने कधीच्या पाठ केल्या होत्या. पण खोलीत लिंबाची फोडसुद्धा नव्हती! एक शब्द कानातून मेंदूत गेला, मेंदूने मज्जातंतूंवरून हुकूम सोडला आणि झरे फुटले. तेही सासूबाईंना न विचारता. सासूबाईंना न विचारता काही होऊ शकतं, हेच तिला नवीन होतं.

आणि भीतीचा हुकूम याच्या उलटा असतो, हे तिला आठवलं. सुचलं ते ती बोलून गेली, "आई, घरचा गॅस बंद केलाय ना?"

सासूबाईंचे डोळे विस्फारले. क्षणात तळं आटलं. सुनेने टोपी बसवली. "दाबून धरा. पाच मिनिटं बोलायचं नाही." सासूबाई जोरजोरात हातवारे करत राहिल्या.

"गंमत केली हो, आई," पाच मिनिटांनी सून हसून म्हणाली. "शब्दाने आलेलं पाणी शब्दानेच पळवलं."

सासूबाईंनी गालावरून हळूच बोट फिरवलं. "एवढा कारभार माझ्या तोंडात चालतो आणि मला पत्ता नाही? कमाल आहे!" मग त्या म्हणाल्या, "पण गंमत कसली? आम्ही दोघं तुझ्याआधी निघालो. दूध तूच तापत ठेवलं होतंस ना?"

सुनेने घाईघाईने शेजारणीला फोन लावला. "ह... ह..." जीभ टाळ्याला चिकटली.

सासूबाईंनी फोन काढून घेतला. "अगं, तुझ्याकडच्या आमच्या किल्लीने दार उघडून जरा गॅस बघतेस? ...वास आला म्हणून मघाशीच बंद केलास? दूध करपलं? करपू दे. ...सूनबाई? तिला आत्ता बोलता यायचं नाही."

फोन ठेवून त्या खुर्चीतून उठल्या, दिवा वळवला आणि मोठ्या कुतूहलाने सुनेकडे वाकल्या.

"अगदी कोरडं पडलं? आ कर बघू."