लिफ्ट : साडेसहाशे किलो

मुलुंड पूर्वेच्या 'गगनविहार सहकारी गृहनिर्माण संस्थे'च्या गच्चीवर विद्याधर पेंढारकर यांनी विमान बांधायला घेतले, तेव्हा संस्थेची त्याला एकच लेखी हरकत होती. पापड वाळत घालायला जागा उरत नाही. गच्चीवर खडूने रेघ मारून हा प्रश्न सामोपचाराने मिटवण्यात आला आणि पुढची सहा वर्षे रेघेच्या अलीकडे पापड व पलीकडे विमान तयार होत राहिले. पापड दर उन्हाळ्यात पुरे होत. विमानाला सातवे वर्ष लागले.

हे विमान जागच्या जागी सरळ वर उडणारे आणि सरळ खाली उतरणारे होते. सहा पंखे, दोन आसने आणि बॅटऱ्यांची पेटी. धावपट्टी नको, विमानतळ नको. कल्पना सुचली ती बायकोमुळे. नीलाबाईंचे कॉलेज बोरिवलीला. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये नॅशनल पार्कचे जंगल. बिबट्याला ते सरळ ओलांडता येते, पण मराठीच्या प्राध्यापिकेला वळसा घालून पावणेदोन तास लागतात. पेंढारकरांनी विमानदुरुस्तीत तीस वर्षे काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. माणूस बिबट्याच्या मागे पडलेला त्यांना बघवेना.

नीलाबाईंनी कल्पनेचे कौतुक केले, पण बसायला साफ नकार दिला. "तू दुरुस्त केलेल्या मिक्सरचं झाकण अजून माळ्यावर सापडतंय. मी आपली बसने जाईन."

त्यामुळे दुसरे आसन मालनकडे गेले. मालन मानखुर्दहून येई आणि चौथ्या मजल्यावरच्या, पेंढारकरांचे धरून, तीन घरांची धुणीभांडी करी. गगनविहारला लिफ्ट नव्हती. पायऱ्या बहात्तर होत्या आणि मालनचे गुडघे दोन्ही गेलेले होते. कपडे वाळत घालायला ती गच्चीवर येई, तेव्हा पेंढारकर हात पुढे करीत आणि ती न विचारता बाराचा पाना त्या हातावर ठेवी. एकदा पंखे चालू असताना ती म्हणाली, "दादा, त्यो मागचा पंखा लंगडतोय बघा. माज्या गुडघ्यावानी." पेंढारकर हसले, मग त्यांनी मोजून पाहिले. पाते एका बाजूला खरेच जड होते. ते तसेच राहिले असते तर विमान पहिल्याच उड्डाणात कलंडले असते. त्या दिवशी त्यांनी तिला शब्द दिला की पहिल्या फेरीत शेजारी तीच बसेल.

"वरनं माजं घर दिसंल?" मालनने विचारले.

"मानखुर्दवरूनच वळवू की."

"पत्र्यावर निळी ताडपत्री हाय. वळखू येईल."

पेंढारकर शब्दाचे पक्के होते. निदान तोवर तरी.

आता फक्त परवानगी उरली होती. त्यासाठी ते दिंडोशीच्या 'उपनगरीय हालचाल परवाना कार्यालया'त गेले. तिथे दोन टेबले होती. एकावर 'आडव्या हालचाली' आणि दुसऱ्यावर 'उभ्या हालचाली' अशी पाटी. विमान म्हणजे आडवी हालचाल, असे समजून पेंढारकर पहिल्या टेबलाशी बसले. तिथे जयवंतराव होते.

"धावपट्टीची लांबी?" जयवंतरावांनी फॉर्म भरायला घेतला.

"लागतच नाही."

"शून्य लिहिलं तर फॉर्म अपूर्ण धरतात, साहेब. थोडी तरी असू द्या. दहा फूट?"

"अहो, हे जागेवरून सरळ वर जातं आणि सरळ खाली येतं."

जयवंतरावांनी पेन खाली ठेवले. "सरळ वर. सरळ खाली. आणि मधे?"

"मधे आडवं जातं."

"ते मधलं तुमचं खासगी झालं. कागदाला सुरुवात आणि शेवट लागतो." असे म्हणून त्यांनी तांत्रिक माहितीचे पान उलटले. त्यावर पेंढारकरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'लिफ्ट : ६५० किलो'. विमानाला हवेत उचलून धरणाऱ्या जोराला त्या शास्त्रात लिफ्ट म्हणतात. जयवंतरावांचा चेहरा उजळला. "आता ही लिफ्ट आहे, तर आधी नाही का सांगायचं? तासभर नुसतं विमान विमान करताय."

"ही ती लिफ्ट नव्हे. हा जोर आहे, जोर."

"जोर तर सगळ्याच लिफ्टला लागतो, साहेब."

फाईल दुसऱ्या टेबलावर गेली. अंतर तीन फूट होते, तीन आठवडे लागले. दुसऱ्या टेबलावरच्या शर्मिष्ठा मॅडम कामाला चोख होत्या. त्यांनी विचारले, "किती वर जाते?"

पेंढारकरांच्या आवाजात नको तिथे अभिमान आला. "तीन हजार फूट."

मॅडमनी कॅल्क्युलेटर ओढला. "म्हणजे तीनशे मजले. इमारत केवढी आहे?"

"चार मजली."

"मग वरचे दोनशे शहाण्णव मजले अनधिकृत आहेत."

"तिथे मजले नाहीत हो, हवा आहे."

"काय आहे ते पाडकाम पथक बघेल," मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारला.

पंधरा दिवसांत दोनशे शहाण्णव मजले स्वतःहून पाडावेत, अशी नोटीस गगनविहारच्या फाटकावर चिकटली. संस्थेचे सेक्रेटरी देवदत्त कारखानीस यांना पाडकामाचे तितके वाटले नाही. एवढ्या मजल्यांवरचा एकही सभासद आजवर वार्षिक सभेला आला नाही, याचा मात्र त्यांना संताप आला. मग मूळ चार मजलेही त्यातच जातील की काय, अशी कुजबुज सुरू झाली. पेंढारकर धावत दिंडोशीला गेले.

जयवंतराव मनाचे चांगले होते. त्यांनी पेंढारकरांना बाजूला घेतले. "साहेब, ऐका माझं. चार मजल्यांच्या वर जाणार नाही, असं तात्पुरतं लिहून द्या. लिफ्ट म्हणून मंजुरी घ्या. मंजुरी झाली की तिच्यात दुरुस्ती करता येते. मंजुरीच नसेल, तर दुरुस्ती कशात करणार?"

हे पेंढारकरांना पटले आणि तिथेच वाट लागली.

तपासणीला चंद्रप्रकाश नावाचे निरीक्षक आले. बहात्तर पायऱ्या चढून ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर त्यांना वाचा फुटली. "दोर कुठे आहे?"

"दोर बांधला तर उडणार कसं?"

"दोर नाही बांधला आणि पडलं तर?" निरीक्षक वाकून आत बघत म्हणाले, "आत पंखा नाही."

"बाहेर सहा आहेत."

"बाहेरच्यांचा आतल्याला काय उपयोग? आरसाही दिसत नाही."

"विमानात आरसा कशाला?"

"लोक भांग पाडतात," निरीक्षकांनी शांतपणे लिहून घेतले. पुढे त्यांनी लिहिले, की यंत्र चारी बाजूंनी बंदिस्त सांगाड्यातून जावे, प्रत्येक मजल्यावर थांबावे आणि दार उघडे राहिल्यास बाईच्या आवाजात दार बंद करण्याची विनंती करावी.

पेंढारकर पुन्हा नकाशांना बसले. इथे त्यांच्यातल्या कारागिराने त्यांचा घात केला. इमारतीच्या मागे बसवायच्या सांगाड्याची रुंदी पाच फूट आणि पंख्यांचा पसारा अठरा फूट. दुसरा कोणी असता तर चिडून उठला असता. पेंढारकरांना मजा वाटू लागली. त्यांनी सहा पंखे एकावर एक रचले, आसने काढून उभे राहायला जागा केली, दोर बांधला. नीलाबाई एकदा चहा घेऊन वर आल्या आणि दोर बोटाने ओढून बघत म्हणाल्या, "अरे, हे बोरिवलीला कुठून जाणार?"

"हे सगळं तात्पुरतं आहे. एकदा प्रमाणपत्र हातात पडू दे, दोर कापायला किती वेळ लागतो?"

पाना देताना मालननेही विचारले, "दादा, ह्यो दोर कशापायी?"

"तात्पुरता आहे गं."

प्रमाणपत्र आले. त्यात 'विमान' हा शब्द कुठेच नव्हता. तळमजला ते चौथा मजला असा प्रवास मंजूर होता. नूतनीकरण दर वर्षी, आणि त्याला संस्थेचे ना-हरकत पत्र जोडणे सक्तीचे. पहिल्या दिवशी दार बंद झाले, सहा पंखे घुमले आणि चाचणी म्हणून पेंढारकर एकटेच साडेसहा सेकंदांत चौथ्या मजल्यावर पोचले. यंत्र दोराला हिसका देत होते. त्याला अजून वर जायचे होते. पेंढारकरांना आत भडभडून आले, पण बाहेर टाळ्या वाजत होत्या. सात वर्षे पापडांच्या रेघेवर पहारा ठेवलेल्या माणसांनी त्यांना हार घातला.

त्या संध्याकाळी संस्थेची विशेष सभा भरली. कारखानीसांनी नियमावली वाचली. पाच नियम झाले. सहावा वाचताना त्यांनी घसा साफ केला. "घरकाम करणाऱ्या बायका, दूधवाले, डिलिव्हरीवाले व पाळीव प्राणी यांनी विमानाचा वापर करू नये."

"मालनला मी शब्द दिलाय," पेंढारकर उठून म्हणाले. "पहिली फेरी तिची होती. त्या पंख्यातला दोष तिने काढलाय."

"तुमच्या मालनबद्दल कोणाचीच तक्रार नाही हो," कारखानीस समजुतीने म्हणाले. "घरच्यासारखीच आहे ती. पण एकीला बसू दिलं की सगळ्या बसणार. लोड येतो मशीनवर."

लोड किती येतो, हे त्या सभेत फक्त पेंढारकरांना ठाऊक होते. यंत्र साडेसहाशे किलो उचलत होते आणि मालन फार तर अठ्ठेचाळीस किलोंची होती. ते आकडा सांगणार, इतक्यात कारखानीसांनी पुढचे वाक्य हळूच सरकवले. "ना-हरकत पत्र मी टाईप करून ठेवलंय. या नियमांखाली तांत्रिक सल्लागार म्हणून तुमची सही झाली, की तेही देतो."

पत्र नाही तर परवाना नाही. परवाना नाही तर यंत्र भंगारात. पेंढारकरांना लाज वाटली. लाज वाटली की आपण वाईट नाही अशी माणसाची खात्री पटते, तशी त्यांचीही पटली. तात्पुरते आहे, असे मनाशी म्हणत त्यांनी सही केली. मतदान झाले. हात सगळ्यांचे वर होते.

दुसऱ्या दिवशी मालन नवे लुगडे नेसून आली. तळमजल्यावर दाराशी पाटी लागली होती. तिने बोट लावून एकेक अक्षर वाचले. पेंढारकर पेपर आणायला खाली आले होते, त्यांना परत फिरायला वेळ मिळाला नाही.

"घरकाम करनाऱ्या म्हंजे मीच ना, दादा?"

"तात्पुरतं आहे गं, मालन. दोर कापला की..."

"साडेसहाशे किलो उचलतंय म्हनत होता तुमी." तिने पुन्हा पाटीकडे पाहिले. "सही तुमचीच दिसतीय. अक्षर वळखीचं हाय." मग पदर खोचून तिने कोपऱ्यातले फडके उचलले आणि पाटीवरची धूळ पुसली, कारण जिना आणि पॅसेज पुसण्याचे काम त्याच महिन्यापासून तिच्याकडे आले होते. पाटी पुसून झाल्यावर ती कठड्याला धरून पायऱ्या चढू लागली. पेंढारकर विमानाने वर गेले. ती येण्याच्या बऱ्याच आधी पोचले आणि घराचे दार लोटून घेऊन आत बसले.

गगनविहारच्या लोकांना वाचकाने खुशाल हसावे. हसून झाले की खाली जाताना आपल्या लिफ्टशेजारची पाटी एकदा वाचावी. तिच्यात 'विमान' हा शब्द नसेल, बाकी मजकूर तोच आहे. पाटी लख्ख असेल. ती पुसायला रोज कुणीतरी जिन्याने येते.