रिकाम्या दिवाणखान्यातले तात्या

संध्याकाळी आठच्या ठोक्याला सासूबाईंनी टीव्ही लावला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या पडद्यावरच्या एका रिकाम्या दिवाणखान्याकडे टक लावून बघत बसल्या.

"आई, कुणीच नाहीये त्यात," सून म्हणाली.

"दिसतंय मला. आंधळी नाही मी."

"मग काय बघताय?"

"कुणी येतंय का ते."

त्या दिवाणखान्यात कुणी येत नव्हतं याला सून स्वतःच जबाबदार होती. तो दिवाणखाना एका मालिकेतला होता आणि त्या मालिकेचे संवाद तीच लिहायची. कोण कधी येणार, काय बोलणार आणि रडत जाणार की दार आपटून, हे सगळं तिच्या हातात होतं. पण हल्ली चॅनेलचे साहेब परस्पर प्रसंग बदलायला लागले होते, म्हणून सगळ्या मालिकांच्या लेखकांनी संप पुकारला होता. मागणी एकच होती: आम्ही लिहिलेलं नाही असं काहीही पडद्यावर घडायचं नाही.

साहेबांनी त्यावर शक्कल लढवली. जाहिराती दाखवायच्या तर मध्ये काहीतरी हवं. म्हणून त्यांनी सेटवर एक कॅमेरा तिपाईवर बसवला आणि रोज आठ वाजता रिकाम्या दिवाणखान्याचं थेट प्रक्षेपण सुरू केलं. खाली पट्टी फिरायची: 'थोड्याच वेळात परत येत आहोत.' आवाजाची माणसं घरी पाठवली होती, त्यामुळे आवाज नव्हता. लोक कंटाळून बंद करतील आणि साहेब शरण येतील, असा लेखकांचा हिशोब होता. लोक बंद करत नव्हते.

रिकाम्या खोलीकडे बराच वेळ पाहिलं की डोळा स्वतःच हालचाल निर्माण करतो. पडदा हलल्यासारखा वाटतो, कोपऱ्यातला अंधार जरा पुढे सरकल्यासारखा वाटतो. त्याला भूत लागत नाही, डोळा थकलेला पुरतो. पण हे ज्याचं त्याने स्वतःला सांगायचं असतं, आणि आठ वाजता कुणी सांगत नव्हतं.

"ते कुंडीतलं झाड बघ," सासूबाई म्हणाल्या. "मान टाकलीय बिचाऱ्याने. तुझ्या नवऱ्याला सांग पाणी घालायला. नोकरी कशाची आहे त्याला?"

नवरा त्याच सेटवर सामान सांभाळायचा. उशी, फुलदाणी, चष्मा, काल जिथे होतं तिथेच आज असलं पाहिजे, हे त्याचं काम; सेटवर सगळे त्याला मास्तर म्हणत. तो संपावर नव्हता. संप लेखकांचा होता. रिकाम्या सेटची राखण करायला तो आणि एक पहारेकरी एवढेच उरले होते. कॅमेऱ्याच्या चौकटीत कुणी दिसला तर त्याची नोकरी गेली, अशी साहेबांची ताकीद होती.

"आई रोज त्या झाडावरून बोलतात," बायकोने त्याला सांगितलं.

"खरंच सुकलंय गं. खोटी झाडं ठेवा म्हणून मी कधीचा सांगतोय." दुसऱ्या दिवशी प्रक्षेपण संपल्यावर पाणी घालायचं त्याने ठरवलं.

इथे दोन गोष्टी जुळून आल्या. साहेबांनी त्याच दिवशी प्रक्षेपणाची वेळ वाढवली आणि त्याला कळवायचं राहून गेलं. शिवाय कॅमेरा चालू असल्याचा जो लाल दिवा असतो, त्यावर काळी चिकटपट्टी होती. मालिकेच्या नायिकेची नजर रडता रडता त्या दिव्याकडे जायची, म्हणून त्यानेच ती फार पूर्वी लावली होती.

स्टुडिओत थंडी मरणाची. त्याने कपड्यांच्या खोलीतून हाताला लागला तो राखाडी कोट चढवला. तो तात्यांचा होता. तात्या म्हणजे मालिकेतले सासरे. गेल्या वर्षी त्याच्या बायकोने त्यांना जिन्यावरून पाडून मारलं होतं आणि तेव्हा सासूबाई तिच्याशी आठवडाभर बोलत नव्हत्या.

तो तांब्या घेऊन आत गेला. सेटवरची माणसं चालतात तसाच गेला: कमरेत वाकून, पावलांचा आवाज न करता, तोंड कॅमेऱ्याला न दाखवता. झाडाला पाणी घातलं. जाता जाता तात्यांच्या खुर्चीवरची उशी सरळ केली, कारण वाकडी उशी त्याला बघवत नसे. आणि चकचकीत फरशीवर ठसे राहू नयेत म्हणून पायाखालच्या फडक्याने पुसत पुसत तो उलट्या पावलांनी बाहेर पडला.

घरी सासूबाईंनी सुनेचं मनगट असं धरलं की तिच्या बांगड्या रुतल्या.

"तात्या!" त्या कुजबुजल्या. "तात्या आले गं! पावलं बघितलीस? उलटी!"

सुनेने पावलं बघितली नव्हती. तिने पाठ बघितली होती, आणि इतकी वर्षं संसार केल्यावर ती पाठ न ओळखणं शक्य नव्हतं.

नवरा घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती. "घातलंत पाणी?"

"घातलं की. तुला कसं कळलं?"

"मला एकटीलाच नाही. टीव्ही असलेल्या प्रत्येकाला कळलंय."

त्याला सगळा प्रकार समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो दारातल्या पायपुसण्यावरच बसला. "नोकरी गेली," तो म्हणाला.

"तुमचीच नाही, माझीसुद्धा. लेखकांशिवाय मालिका चालत नाही, हे दाखवायला आम्ही उन्हात बसलोय. आणि तुम्ही एका तांब्याभर पाण्यात मालिका चालवून दाखवलीत!"

सकाळी साहेबांनी त्याला बोलावलं. पडद्यावर कालचं दृश्य थांबवून ठेवलं होतं. राखाडी पाठ, वाकलेली मान.

"खरं सांगा, मास्तर. आत कोण गेलं होतं?"

खरं सांगायचंच असं ठरवून तो आला होता. पण साहेबांच्या टेबलावर ती ताकीद काचेखाली ठेवलेली त्याला दिसली.

"कुणी नाही, साहेब."

"कुणीच नाही?"

"पहारेकऱ्याला विचारा. तो दारात होता. कुणी आत गेलेलं त्याने पाहिलं नाही." हे खरं होतं. पहारेकरी दारात झोपला होता.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू त्यावर रंग चढला. "म्हणजे भूत, आणि तेही फुकटात," ते स्वतःशीच म्हणाले. सेट बघायला ते दारापर्यंत गेले, पण उंबरा काही ओलांडला नाही.

त्या दिवसापासून आठ वाजता रस्ते ओस पडू लागले. दुकानदार शटर अर्धं ओढून आत टीव्ही बघायचे. घराघरांत दिवे मालवलेले आणि प्रत्येक खिडकीत तोच एक निळसर चौकोन. स्टुडिओच्या फाटकाबाहेर फलक घेऊन बसलेल्या लेखकांकडे आता कुणी वळूनही पाहत नव्हतं. चार दिवसांत त्यांच्यातले दोघे-तिघे निमूटपणे दुसरीकडे कामं शोधू लागले.

"असंच चाललं तर आम्ही संपलो," बायको म्हणाली. "आज कॅमेऱ्यासमोर जा. कोट नको, वाकणं नको. सरळ तोंड दाखवा आणि सांगा की मीच तो, माणूस आहे."

"आणि माझी नोकरी?"

"भुताची नोकरी कितीशी टिकणार आहे हो?"

तो गेला. स्वतःचा सदरा घालून, ताठ चालत गेला आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. पण वीज वाचवायला साहेबांनी सगळे दिवे बंद करून फक्त टेबलावरचा एक बुटका दिवा ठेवला होता. उजेड खालून येत होता. खालून उजेड पडला की सज्जनातल्या सज्जन माणसाच्या डोळ्यांच्या जागी खोबणी दिसतात.

"मंडळी, घाबरू नका," तो म्हणाला. ओठ हलले, आवाज नव्हताच. ते लक्षात आल्यावर तो खुणा करू लागला. त्याने झाडाकडे बोट दाखवलं. स्वतःकडे दाखवलं. मान जोरजोरात हलवली. आपण जिवंत आहोत हे पटवायला दंडाला चिमटा काढला आणि तोंड वेडंवाकडं केलं. शेवटी, सगळं समजलं असेल अशा आशेने, तो हसला.

शेजारच्या घरातून किंकाळी आली. पलीकडच्या घरातूनही आली.

सासूबाई मात्र ओरडल्या नाहीत. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, याने माझ्या मुलाचं रूप घेतलंय."

"आई, तो तुमचा मुलगाच आहे."

"माझा मुलगा असा हसत नाही. कडी लाव."

तो घरी आला तेव्हा आतून कडी होती. "आई, मी आहे. दार उघड."

"असं सगळेच म्हणतात," आतून उत्तर आलं. "माझा मुलगा असशील तर सांग, तुझ्या बहिणीचा वाढदिवस कधी असतो?"

बाहेर तो एकेक महिना पुटपुटू लागला. "उन्हाळ्यात ना?"

"तुझ्या लग्नाची तारीख?"

बायकोही आता कान देऊन ऐकत होती. बाहेर चापटीचा आवाज आला. "आई, डास चावतायत गं."

कडी निघाली. "तोच आहे," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "भुताला सगळं ठाऊक असतं."

त्या हसण्याने मात्र काम बिघडलं, म्हणजे साहेबांचं. तोवर लोक नुसतं बघत होते, आता ते विचारू लागले. हा कोण? तात्यांबरोबर आलाय का? झाडाखाली काय पुरलंय? त्याला काय हवंय? चॅनेलचे फोन खणखणत राहिले. साहेबांनी नायिकेला सांगितलं, आत जाऊन विचार. तिने आजारी असल्याचं कळवलं. इतर नटांनीही तेच दुखणं कळवलं. पहारेकऱ्याने नोकरी सोडली. शेवटी साहेब स्वतः कागद घेऊन बसले. 'त्याला हवं आहे' एवढं लिहून झालं आणि पुढे काही केल्या सुचेना.

एका दुपारी ते संवादलेखिकेच्या घरी आले. पाणी प्यायले आणि लगेच मुद्द्यावर आले.

"मॅडम, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही लिहिल्याशिवाय पडद्यावर पापणी हलणार नाही. सही करतो. फक्त त्याला काय हवंय ते सांगा."

सही झाली, संप मिटला. तिने पहिला भाग प्रामाणिकपणे लिहिला: सेटवरचा माणूस झाडाला पाणी घालायला आला होता. नवऱ्याची नोकरी राखायची अटही तिने घातली. साहेबांनी वाचून कागद परत केला.

"नोकरी राखतो. पण हे कोण मानणार, मॅडम? असं कधी घडतं का?"

तिने मग त्याऐवजी दुसराच भाग लिहिला. तात्या घर सोडून गेलेच नव्हते. रोज येतात, झाडाला पाणी घालतात, उलटे जातात. तिथेच भाग संपतो. तात्यांचं काम करायला कुणी नट धजेना, म्हणून नवऱ्यालाच उभं केलं. भर दुपारी, सगळे दिवे लावून चित्रीकरण झालं. तो वाकून आला, पाणी घातलं, फडक्याने पुसत मागे मागे गेला. एकदाही चुकला नाही.

त्या संध्याकाळी तिघं टीव्हीसमोर बसली. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत तिचं नाव आलं. सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. ती इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोकळी हसली.

पडद्यावर तात्या आले. पाणी घातलं. उलट्या पावलांनी डावीकडून गेले.

"झालं," ती म्हणाली. "इथे संपतं."

संपलं नाही. दिवाणखाना तसाच राहिला. मग उजवीकडून राखाडी कोटातला एक म्हातारा आला. सरळ, सावकाश, सवयीच्या पावलांनी. तो खुर्चीपाशी थांबला, उशी उचलून बाजूला ठेवली आणि बसला.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"आणि हे मी केलेलं नाही," नवरा म्हणाला.

"श्श!" सासूबाई म्हणाल्या. "किती दिवसांनी नीट बसलेत. बघू दे."

फोन वाजला. तिनेच उचलला. साहेबांचा आवाज आनंदाने फुटत होता.

"मॅडम, मानलं तुम्हाला! शेवट काय केलाय! लेखक तो लेखकच. आता एवढंच सांगा, उद्या तात्या काय बोलणार?"

तिने पडद्याकडे पाहिलं. म्हातारा खुर्चीत बसून तिच्याकडेच बघत होता. वाट बघत असल्यासारखा.

"विचारून सांगते," ती म्हणाली.