बसवराज परदेशी निघतो

आमच्या समोरच्या बिल्डिंगमधला बसवराज कुणाला 'कसे आहात' असं विचारत नाही. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?' असं विचारतो. इस्त्रीवाल्याला विचारतो, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही विचारतो. भाजीवाल्या मावशींनी एकदा मेथीची जुडी झटकत उत्तर दिलं, "हितंच की! आन् कुटं जाऊ?" त्यावर तो गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाला, "बघा सर. व्हिजनच नाही."

अख्ख्या जुळे सोलापुरात व्हिजन फक्त बसवराजकडं. वय छत्तीस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, उभा केलेला टॉवेलचा कारखाना. आणि डोक्यात एकच खूळ : परदेशातल्या एक नंबरच्या बिझनेस स्कूलमधून एमबीए करायचं. दोन नंबरचं चालत नाही. पुण्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो. "पुण्याला काय, कोणबी जातंय की सर."

दरवर्षी अर्ज आणि दरवर्षी नकार. नकाराला मात्र तो नकार म्हणत नाही, 'फीडबॅक' म्हणतो.

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो, हा माझा गुन्हा. त्यामुळं दर रविवारी सकाळी तो अर्जासोबतचे निबंध घेऊन आमच्याकडं हजर. पहिल्याच निबंधाचं पहिलं वाक्य होतं, 'लहानपणापासून टॉवेल ही माझी पॅशन आहे.'

"अरे, टॉवेल ही कुणाची पॅशन असते का?" मी विचारलं.

"स्टोरीटेलिंग, सर."

नेतृत्वगुणांवरच्या निबंधात त्यानं चुलतभावाच्या लग्नातली पंगत लिहिली होती. जेवणाच्या दारात रेटारेटी झाली, तेव्हा म्हणे यानं खुर्चीवर उभं राहून पाहुण्यांची रांग लावली. त्याला 'क्राउड ऑप्टिमायझेशन' असं नाव दिलं होतं. त्या लग्नाला मी होतो. हा खुर्चीवर उभा होता हे खरं, पण पाहुणे त्याच्या खुर्चीला वळसा घालून जेवायला जात होते. अपयशाबद्दल लिहा म्हटल्यावर त्यानं लिहिलं, 'मी कामात फार काटेकोर आहे, हेच माझं अपयश.' मी ते खोडलं. पुढच्या रविवारी तेच वाक्य मोठ्या अक्षरांत परत आलं.

कारखान्यातही तेच. पाळी बदलताना कामगारांना गोल उभं करून 'आजचं आपलं मिशन काय?' असं विचारायचा. जुने विणकर आपसात तेलुगूत काहीतरी बोलून हसायचे. त्याला वाटायचं, टीम स्पिरिट वाढतंय.

लग्नाचंही यातच वाटोळं झालं. मुलगी बघायला गेला आणि तिला पाच वर्षांचा प्रश्न विचारून बसला. मुलगी तयारीची होती. म्हणाली, "कुठंही असेन, पण तुमच्याबरोबर नक्की नसेन." हा किस्सा त्यानंच मला कौतुकानं सांगितला. "क्लॅरिटी बघा सर त्या मुलीची!"

अशा माणसाला यंदा मुलाखतीचं बोलावणं आलं. ऑनलाइन. मी थक्क झालो. एवढ्या मोठ्या संस्थेतही माणसं डोळे मिटून काम करतात म्हणायची.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी तो कोट घालून, लॅपटॉप काखेत मारून आमच्या दारात उभा. "तुमच्याकडं बसू का सर? घरी अप्पांचा टीव्ही चालू असतो."

"मग तासभर बंद करायला सांग की."

तो टाय सारखा करत आत आला. त्याला बैठकीच्या खोलीत बसवून मी आणि माझी बायको सुजाता स्वयंपाकघरात गेलो. दार लोटलं, पण ऐकू सगळं येत होतं. टॉवेल झाला, पंगत झाली, व्हिजन झालं. सुजाता पदर तोंडाशी धरून हसत होती आणि मी तिला हातानं गप्प बस म्हणत स्वतःच हसत होतो.

मग पलीकडच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "प्रवेश मिळाला तर ही बातमी सगळ्यात आधी कुणाला सांगाल?"

आतापर्यंत याचं प्रत्येक उत्तर प्रश्न संपायच्या आत सुरू होत होतं. आता शांतता. मला वाटलं, नेट गेलं. सुजातानं हसू थांबवून माझ्याकडं बघितलं.

"माझ्या शेजारच्या सरांना," बसवराज म्हणाला. थोडं थांबून, जरा हळू, "दर रविवारी मी त्यांच्याकडं जातो."

मुलाखत संपल्यावर तो थँक्यू म्हणून गेला. मी जेवताना सुजाताला म्हटलं, "मस्का मारतोय." तिनं माझ्याकडं न बघता आमटी वाढली.

निकाल आला तेव्हा तो कोट न घालता आला. चपला दारात काढून नीट जोडून ठेवल्या.

"नाही झालं, सर."

यंदा 'फीडबॅक' म्हणाला नाही. सुजातानं त्याच्यापुढं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. तो बराच वेळ भाकरीचा एकच तुकडा मोडत बसला.

"अप्पांना सांगितलंस?" सुजातानं विचारलं.

"नाही वहिनी. आमचं भांडण नाही हो. पण आमच्यात जे काय बोलायचं ते आईच बोलायची. अप्पांचं मला सांगायची, माझं अप्पांना. ती गेल्यापासनं ते टीव्ही लावतात आणि मी आतल्या खोलीत निबंध लिहितो."

मास्तरांना सुचतं तेच मी म्हणालो, "पुढच्या वर्षी परत भरू अर्ज."

"नको सर. आता बास." तो भाकरीकडंच बघत होता. मग एकदम मान वर करून म्हणाला, "पण रविवारी आलो तर चालेल का? निबंध नसला तरी?"

त्याची टर उडवायला इतकी चांगली संधी कधी मिळाली नव्हती. तोंडात शब्दही तयार होते.

"ये," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, पाणी प्यायला. चपला घालता घालता दारातून वळला आणि पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या माणसासारखं विचारलं,

"किती वाजता येऊ, सर?"