शेंडेभाऊंच्या कोंबडीचा वॉकर

शेंडेभाऊंनी एसटीत कोंबडीचं तिकीट मागितलं, तेव्हा मी त्यांच्या मागच्याच सीटवर होते. अख्खी बस गप्प झाली. कंडक्टर हसला. "मांडीवर घ्या न भाऊ, तिचं कायचं तिकीट?"

भाऊ ताठ बसून म्हणाले, "मी जिंदगीभर हेच काम केलं. नियम म्हंजे नियम. फाडा."

शेंडेभाऊ म्हणजे माझे शेजारी, रिटायर कंडक्टर. नोकरी सुटली, पण कंडक्टर काही सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत ते ओरडत, "पुढे सरका, मध्ये लय जागा आहे!" एकदा सख्ख्या भावाच्या अंत्ययात्रेतही ओरडले. खांदेकरी दचकून खरंच पुढे सरकले. गावात त्यांना सगळे वचकून असत, मीसुद्धा. भिंतीला भिंत लागून घर, पण आमचं बोलणं 'काय बाई, शाळा?' 'हो भाऊ' इतकंच.

त्या दिवशी टोपलीत होती ती त्यांची एकुलती एक कोंबडी. कोणाच्या तरी मोटरसायकलखाली तिचा पाय सापडला होता. ब्रह्मपुरीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पाय बांधून दिला. तीन आठवडे आराम द्या, मग हळूहळू चालवा, म्हणाले. आमच्या आळीला मात्र वाटलं, रविवारी रस्सा होणार.

तीन आठवड्यांनी एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "चला, पुढे चला! थांबू नका!" आणि पाठोपाठ कोंबडीची किंकाळी. मी तशीच धावले आणि दारातच थिजले.

घराच्या मधोमध म्हाताऱ्या माणसांचा ॲल्युमिनियमचा वॉकर उभा. त्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीला दोन भोकं, भोकांतून कोंबडीचे दोन पाय खाली, नखं जेमतेम फरशीला टेकलेली. आणि शेंडेभाऊ गुडघ्यांवर रांगत वॉकर ढकलत होते.

"अकरा... बारा..."

"अहो बाप्पा! भाऊ, हे काय करून राह्यले?"

"वीस पावलं, बाई. रोज."

"तिले दुखते न!"

"दुखू द्या."

मला संताप आला. "मुक्या जिवाचे हाल काऊन करता? राहू द्या तिले आजच्या दिवस!"

त्यांचा हात थांबला.

"हेच म्हनलं होतं मी," ते म्हणाले.

"कोनाले?"

"कमलेले."

कमलाबाई त्यांची बायको. मी शेजारी राहायला आले तेव्हा त्या खाटेलाच खिळलेल्या होत्या, आणि वर्षभरात गेल्या.

"खुब्याचं हाड मोडलं होतं तिचं. डॉक्टरनं सांगितलं, रोज वीस पावलं चालवा. चार पावलांत रडे ते. मले पाहवे नाई. मी म्हनो, राहू दे आज, उद्या चालू. साऱ्या जिंदगीत नियम मोडला नाई, बाई. तो तेवढा मोडला. रोज मोडला." त्यांनी वॉकरच्या रबरी मुठीवरून अंगठा फिरवला. "मंग खाटेवरून उठलीच नाई ते."

बायको पडून असताना हा माणूस घरात मोठ्यानं बोललेला मी कधीच ऐकला नव्हता. त्यावरूनच, त्याला काळजी नाही, असं मीच चारचौघींत बोलले होते.

मी पदर खोचला आणि खाली बसून वॉकरची दुसरी बाजू धरली. "तेरा," मी म्हटलं.

मग रोज शाळेआधी मी जाऊ लागले. बाराव्या दिवशी भाऊंनी झोळी सोडली. कोंबडी डगमगली, फरशीवर बसली, परत उठली. लंगडत लंगडत उंबरठ्यापर्यंत गेली, उडी मारून अंगणात उतरली आणि कडुलिंबाखाली माती उकरू लागली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिनं.

"गेली," भाऊ म्हणाले. रिकाम्या वॉकरची झोळी ते सोडू लागले. मी निघाले.

"बाई," त्यांनी हाक मारली. "उद्या... चहा प्याले याल का? असंच?"

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा दोन कप धुऊन पालथे घातलेले होते. एकाचा कान तुटका होता. तो त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला.