हौसामावशी आणि बंद दुकान

हौसामावशीच्या गाडीवर भजी घ्यायची तर आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. "नाव सांग. बायकूचं नाव सांग. दुपारी काय खाल्लं ते सांग." उत्तरं नीट आली तर कागदात सहा भजी आणि वर तळलेली मिरची. अडखळला तर भजी नाहीत, शिवाय सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा हुकूम सुटे, "याला आज पुन्ना आत घेऊ नगा रं!"

आत म्हणजे समोरच्या देशी दारूच्या दुकानात. ते नुकतंच निघालं होतं. इतकी वर्षं गाव चोरून पीत होतं, आता सरकारमान्य पाटीखाली उजळ माथ्यानं पिऊ लागलं. दुकानदारही मावशीचा हुकूम मानायचा. नाहीतर ती दारात आरडाओरडा करायची, ते त्याला परवडत नसे.

पहिल्या प्रश्नाला कुणी अडत नसे, दुसऱ्याला शुद्धीवर असलेलेही अडत. लग्नात नाव घेतल्यानंतर पुन्हा कधी बायकोचं नाव तोंडातून न काढलेले बाप्ये भर चौकात खाली मान घालून "शेवंता" असं पुटपुटायचे. बिनलग्नाच्यांना आईचं नाव चाले. एकदा नगरहून आलेला एक पँटवाला पाहुणा चिडून म्हणाला, "बाई, मी भजी घ्यायला आलोय, मुलगी मागायला नाही."

"मुलगी दिली आसती," मावशी झारा निथळवत म्हणाली. "भजी न्हाई मिळायची."

मी तिच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचो. सोनईपासून सात-आठ मैलांवरचं ते गाव, आणि मी तिथल्या सरकारी दवाखान्यातला आरोग्यसेवक. विहिरीत पावडर टाकायची, घरोघर जाऊन लस टोचायची, ताप आहे का विचारायचं, एवढंच माझं काम. मावशी मला डागदर म्हणायची. मी डॉक्टर नाही, असं शंभरदा सांगून झालं. तिचं उत्तर ठरलेलं, "खांद्याला पिशवी हाय ना?" विधवा बाई, मूलबाळ नाही, गावात नातं कुणाशी नाही. पण कुणाचा पाय कधी घसरला आणि कोण पगाराच्या दिवशी दोनदा येतो, हे तिला तोंडपाठ.

आदल्या वर्षी दुष्काळ पडून गेला होता. विहिरींचे तळ दिसत होते, आणि त्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. शेजारच्या वाडीत दोन दिवसांत दोन माणसं गेली. तालुक्याहून हुकूम आला: बाजार बंद, उघड्यावरचे खाद्यपदार्थ बंद, आणि दारूचं दुकानही पंधरा दिवस बंद, कारण तिथले सगळे ग्लास एकाच बादलीत विसळले जात. शिपायानं कुलपाला लाखेचं सील ठोकलं तेव्हा निम्मं गाव बघायला जमलं होतं.

बायकांनी देवीपुढे साखर वाटली. पुरुषांची तोंडं उतरली. एकानं दवाखान्यात येऊन डॉक्टरांना पटवायचा प्रयत्न केला, की दारूनं जंतू मरतात, तेव्हा दुकान बंद करून सरकार जंतूंची बाजू घेतंय. दुसऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सुई पुसायचं ते इस्पिरीट जरा मिळंल का?" भजनी मंडळात अचानक सात नवे गडी आले. त्यांना एकही अभंग येत नव्हता, पण संध्याकाळी जायचं कुठं हा प्रश्न होता. पहिले दोन दिवस हे असं हसण्यावारी गेलं.

मावशीची गाडी बंद करायचा कागद मलाच द्यावा लागला. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. तिनं मुकाट्यानं कढई उतरवली.

"भजी बंद कर. पर दुकान आसं एकदम बंद नगं करू, डागदर. कमी कमी करत आन."

"सरकारी हुकूम आहे, मावशी. कमी कमी कसा करणार?"

"मग मानसं मरत्याल."

मला वाटलं, धंदा बुडाल्यामुळे बोलतेय. सगळ्यांनाच तसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरायला लागली. रस्त्यात उभी राहून आतल्या माणसाला हाक मारायची आणि तिथूनच तिचे तीन प्रश्न विचारायची. बायका संतापल्या. रंगनाथ विहिरी खणायचा, रोज दोन वेळा पिणारा गडी. त्याची बायको शेवंता तर खराटा घेऊनच बाहेर आली.

"इतक्या वर्सांनी माज्या घरात दारू न्हाई. तुजी भजी खपंनात म्हून आली व्हय त्याला बोलवाया?"

"त्याचं हात कापत्यात का, यवढंच सांग, बाई."

"कापू दे. सुटंल त्याची."

मावशी पुढच्या घराकडे निघून गेली. मी ते पाहत होतो आणि मनातून शेवंताच्या बाजूनं होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवंता धावतच माझ्या दारात आली. रंगनाथला सकाळपासून उलट्या होत होत्या. मी पिशवी उचलली. मावशी शेजारून ऐकत होती, ती मागोमाग निघाली. आम्ही पोचलो तोवर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी वीस-पंचवीस माणसं जमली होती. काहींच्या हातात काठ्या होत्या. पटकी गावात शिरली, असा बोभाटा झाला होता. रंगनाथला आत्ताच्या आत्ता गावाबाहेरच्या पडक्या गोदामात नेऊन ठेवा, नाहीतर आम्ही उचलतो, असं एकानं मलाच बजावलं. शेवंता रडत त्याच्या पाया पडत होती. खोटं कशाला सांगू, मीही पटकीच धरून चाललो होतो.

रंगनाथ भिंतीला पाठ लावून बसला होता. अंगावरचा सदरा भिजून चिकटलेला, हात असे थरथरत होते की जमिनीवर बोटं वाजत होती. मावशी सरळ त्याच्यापुढे जाऊन बसली.

"नाव सांग."

"रंगनाथ."

"बायकूचं?"

त्यानं शेवंताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंतीकडे बोट करून किंचाळला, "मुंग्या! काढा ह्या मुंग्या!" भिंतीवर काही नव्हतं. शेवंतानं तोंडात पदर कोंबला.

"ही पटकी न्हाई," मावशी म्हणाली. "डागदर, हात लाव. पटकीत मानूस गार पडतो. ह्यो तापलाय. जुलाब किती झालं, शेवंता?"

"येकबी न्हाई."

मी हात लावला. अंग चटका बसेल असं तापलं होतं. पटकीत जातात तसे डोळे खोल गेलेले नव्हते, कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर येत होती. मला शिकवलेलं सगळं मला त्या बाईनं आठवायला लावलं.

दवाखाना मैलभर लांब. पटकीच्या रोग्याला बैलगाडी कोण देणार? मी दोन घरी विचारलं, दोन्ही दारं लागली. मी परत आलो तर मावशी आपली भज्याची हातगाडी ढकलत त्या जमावातून येत होती. काठी घेतलेला एक जण आडवा झाला.

"बाहीर काडलं तर रोग पसरंल."

"माज्या गाडीवरून चाललाय. रोग आसला तर पैला मला हुईल," ती म्हणाली. "सर बाजूला. न्हाईतर मीच शिवते तुला."

तो सरला. सगळेच सरले. रंगनाथला आम्ही धोतरानं गाडीला बांधलं आणि उन्हात मैलभर ढकलत नेलं. मावशी एका बाजूला, शेवंता दुसऱ्या बाजूला. वाटेत त्याला एकदा झटका आला. मी गाडी थांबवली, तेव्हा मावशीनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि तो शांत होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "हाय मी, हाय मी."

डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "रोज पिणाऱ्याची एकदम तोडली की असं होतं. उद्यावर टाकलं असतंत तर गेला असता." आणि विचारलं, "गावात असे आणखी किती आहेत?"

मावशीनं उभ्या उभ्या अकरा नावं सांगितली. त्यांच्या बायकांच्या नावांसकट.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला गोळ्या देऊन त्या अकरा घरी पाठवलं. एकाही माणसाला काही झालं नाही. रंगनाथ आठ दिवसांनी चालत घरी आला. पटकीनं मात्र गावातली दोन माणसं नेलीच. पंधरा दिवसांनी सील निघालं तेव्हा दुकानापुढे जत्रा भरावी तशी गर्दी झाली. त्यात रंगनाथ नव्हता. पुढच्या वर्षी होता. हे सगळं झालं, पण मला आठवते ती गोळ्या वाटायला निघालो ती दुपार.

मावशी वाट दाखवायला बरोबर होती. चौथ्या घराच्या अलीकडे लिंबाच्या सावलीत ती टेकली. मी सहज विचारलं, "मावशी, जे मला कळलं नाही ते तुम्हाला कसं कळलं?"

तिनं पायातला काटा काढल्यासारखं केलं. काटा नव्हता.

"आमचे हे रोज प्यायचे," ती म्हणाली. "तवा दारूबंदी हुती, ओढ्यात भट्टी लागायची. सासू म्हनली, तीन दिस कोंडून घाल, सुटंल. मी कोंडलं. त्ये वरडायचे, दार ठोकायचे. मला वाटलं, दारूसाटी वरडत्यात. मी दाराभायेर बसून भाकरी थापत हुते, डागदर. मनात खूश हुते. तिसऱ्या दिशी आवाज थांबला. मी म्हनलं, सुटली."

 ती उठली, पदर सारखा केला. पुढच्या घराचं दार आतून लावलेलं होतं. ती पायरीपाशी थांबली आणि दोन पावलं मागे सरली.

"कडी तू वाजव," ती म्हणाली. "माजा हात न्हाई जात."

मी कडी वाजवली.