आमच्या दारापर्यंतचा जिना

सुरुवात शिडीपासून झाली. आमची लाकडी शिडी, नऊ पायऱ्यांची, त्यातली एक तारेनं बांधलेली. वस्तीची निवडणूक लागली होती आणि शिडीवाल्या पक्षाची माणसं पताका बांधायला काहीतरी शोधत हिंडत होती. निशाणी शिडी, अन् पक्षाकडे स्वतःची शिडी नाही! मला कीव आली. म्हटलं, न्या.

त्या वेळी माझा नवरा एलेउतेरिओ छपरावर पत्रे ठोकत होता, हे माझ्या ध्यानात आलं ते सूपाखालचा विस्तव विझवल्यावर.

"म्हातारे, शिडी कुठाय?" वरून आवाज आला.

"पक्षाच्या कामाला दिलीय. धीर धर."

"कुठल्या पक्षाच्या?"

"शिडीच्या."

वर हातोडीचे दोन ठोके पडले. मग तो म्हणाला, "सूप तरी वर पाठव." (बादलीला दोरी बांधून पाठवलं. अर्धं पोचलं.)

चार वाजता मी शिडी मागायला पक्षाच्या खोलीत गेले, तर त्यांनी मला खुर्ची दिली. आता हे सांगायला हवं की माझ्या आयुष्यात मला बैठकीत कुणी खुर्ची दिली नव्हती. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बैठकीला मी गेले ती कॉफीची किटली घेऊन, अन् परतले ती रिकामी किटली घेऊन. इथं मात्र उमेदवार आल्सीदेससाहेब स्वतः उठले, म्हणाले, "बसा आजी. तुमचं घर कुठलं?"

"सगळ्यात वरचं."

"मग जिना तुमच्या दारापर्यंत येणार."

झालं. मी त्या पक्षाची झाले. (एलेउतेरिओला संध्याकाळी शेजाऱ्यांनी उतरवलं.)

हसू नका. आमची टेकडी म्हणजे नुसती माती. धुक्याची भुरभुर सुरू झाली की तीच माती साबणासारखी होते. पाण्याची घागर, गॅसची टाकी, बटाट्याचं पोतं, सगळं पाठीवरून वर न्यायचं, आणि माझा उजवा गुडघा तर कधीच राजीनामा देऊन बसलेला. किटलीवाल्या पक्षाचे रिगोबेर्तोसाहेब जिना देतोच म्हणत होते, पण सतुर्निनाच्या दारापर्यंत. त्यापुढं सिमेंट पुरणार नाही म्हणे. सतुर्निनाचं घर आमच्या बरोबर खाली. माझ्या धाकटीची ती धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. चाळीस वर्षांची मैत्री. ती अर्थातच किटलीची.

"कोमाद्रे, माझ्या दारापर्यंत आला म्हणजे तुझ्याकडेच आला की," ती म्हणाली.

"मग माझ्या दारापर्यंत येऊ दे. वाटेत तुला लागेलच," मी म्हणाले.

पुढचा महिना मी घरात जेवायपुरती होते. पक्षाच्या कोंबडी-जेवणाला लाल मिरचीचं वाटण मी केलं, आणि घरातली झाडून सगळी भांडी तिकडे नेली. परत आले तर एलेउतेरिओ किटलीत बटाटे उकडत होता.

"माझ्या घरात किटली चुलीवर? लोक काय म्हणतील?"

"पातेलं आण, मग पातेल्याला मत देतो," तो म्हणाला.

पण माझं खरं काम होतं फुलीचं. मतपत्रिकेवर कशी खूण करायची ते मी दारोदार शिकवत असे. चौकटीच्या आत फुली. दोन्ही रेघा आतच एकमेकींवरून गेल्या पाहिजेत. बाकी टिंबसुद्धा नको. नव्वदीच्या सेबेरीना आजीला मी तीन दिवस शिकवलं. तिची फुली माझ्यापेक्षा सरळ यायला लागली. आल्सीदेससाहेब इतके खूश झाले की मोजणीच्या वेळी पक्षातर्फे लक्ष ठेवायला मलाच बसवायचं ठरलं. किटलीकडून कोण? सतुर्निना.

मतदानाच्या सकाळी मी पोलेरा घागरा घातला, टोपी झटकली आणि शाळेच्या वर्गात गेले. पडद्याआड मी, पेन आणि शिडीचं चित्र. फुली मारली. काय फुली होती! मग जरा थांबले. यंदा मी मंगळवारच्या मोठ्यांच्या वर्गात नाव लिहायला शिकले होते. एवढी वर्षं नुसता अंगठा. आता हातात पेन होतं, समोर कागद होता आणि खाली जागाही बरीच होती. शिवाय आल्सीदेससाहेब जेवणात म्हणाले होते, "मला मत देणाऱ्या प्रत्येकाची मी आठवण ठेवीन." कशी ठेवतील, कळल्याशिवाय?

संध्याकाळी मोजणी सुरू झाली. मेजाशी अध्यक्ष म्हणून बेकरीतली येसेनिया बसली होती. ती एकेक कागद उघडायची, दाखवायची, बाजूला ठेवायची. शिडी, किटली, किटली, शिडी. अगदी अटीतटीचं चाललं होतं. मग एक किटली आली. फुली ठीक, पण किटलीच्या तोटीतून कुणीतरी पेनानं वाफ काढलेली.

"थांब गं," मी म्हणाले. "हे काय?"

"वाफ आहे, आजी."

"बाद कर."

"अगं कोमाद्रे," सतुर्निना उसळली, "कुणी प्रेमानं काढलीय!"

"प्रेम घरी. कागदावर फक्त फुली. नियम आहे की नाही, येसेनिया?"

येसेनियानं पुस्तक चाळलं. नियम होता. मत बाद. मी टोपी सरळ केली. मागं उभे असलेले शिडीवाले माझ्याकडे जनरलकडे पाहावं तसे पाहत होते.

पाच-सहा कागद गेले. येसेनियानं एक उघडला आणि डोळ्यांजवळ धरला.

"आजी, ही शिडी आहे. फुली तर अगदी सुंदर आहे."

"मग ठेव की आमच्या गठ्ठ्यात."

"पण खाली काहीतरी लिहिलंय."

"लिहिलंय?" मी म्हणाले. (हे मला आता सांगावंसं वाटत नाही, पण सांगते.) "कोण गाढव आहे हे? महिनाभर घसा फोडून शिकवलं! दाखव बघू."

तिनं दाखवलं. ती अक्षरं मी टेकडीवर कुठंही ओळखली असती. त्यांना वळण लावायला मला सात मंगळवार लागले होते.

सतुर्निनाला वाचता येतं. तिनं चष्मा पुसला, लावला, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सावकाश वाचलं, "ते-ओ-दो-लिं-दा."

आख्ख्या वस्तीत तेओदोलिंदा एकच.

"सतुर्निना," मी म्हणाले, "प्रेमानं लिहिलंय."

"प्रेम घरी, कोमाद्रे."

मत बाद झालं. वाफही बाद, मीही बाद. रात्र पडायच्या आत निकाल आला. किटली एका मतानं पुढे. माझं धरलं असतं तर बरोबरी झाली असती, चिठ्ठी टाकली असती आणि कदाचित जिना माझ्या दारात आला असता. आल्सीदेससाहेबांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, "आजी, मी तुमची आठवण ठेवीन." ठेवलीच म्हणायची. एलेउतेरिओनं मला घरी एवढंच विचारलं, "अक्षर बरं आलं होतं का?"

चार महिन्यांत सतुर्निनाच्या दारापर्यंत जिना झाला. पिवळा, कठड्यासकट. पण तो बसवायला माती खणली, त्यामुळे तिथून आमच्या दारापर्यंतचा चढ सरळ भिंतच झाला. मग तिथं आम्ही काय लावलं असेल? आमचीच शिडी. पक्षानं परत करताना ती निशाणीसारखी रंगवून दिली होती.

उद्घाटनाला आमच्याकडे फीत बांधलेली बाटली फोडायला धर्ममाता लागते. नव्या सरपंचांनी, म्हणजे रिगोबेर्तोसाहेबांनी, सगळ्यांसमोर मला बोलावलं. "या बाईंच्या एका मताचे माझ्यावर उपकार आहेत!" लोक इतके हसले की कुत्री भुंकायला लागली. मी बाटली फोडली. पहिल्या पायरीवर सिमेंटमध्ये नाव कोरलंय : धर्ममाता तेओदोलिंदा. सतुर्निनानं मला मिठी मारली, म्हणाली, "आता नाव बरोबर जागी पडलं."

कार्यक्रम आटोपून मी शिडीनं वर आले, टोपी काढली, गुडघ्याला गरम फडकं लावलं. खाली जेवणाचा वास सुटला होता. जेवायला उतरावं म्हणून दाराशी आले, तर पुढं नुसती हवा.

"म्हाताऱ्या!" मी ओरडले. "शिडी कुठाय?"

खाली एलेउतेरिओ ताटलीतली कोंबडी चाखत उभा होता.

"किटलीवाल्यांना पताका सोडायच्यात. पक्षाच्या कामाला दिलीय," तो म्हणाला. "बादली सोड, सूप पाठवतो."